पाणी तिनं मागितलं होतं

माझा तुंबा त्यांनी माझ्यासमोर फोडला. काठीनं. पहिल्या दणक्यात फुटला नाही म्हणून दुसरा हाणला. वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा, आईनं स्वतः पोखरून केलेला. त्यात पाणी भर उन्हातही गार राहायचं. फुटल्यावर त्याचे तुकडे काठीच्या टोकानं ढकलत ढकलत माझ्या पायांपाशी आणले. हात कोणी लावला नाही. मग त्यांच्यातला म्हातारा पंच म्हणाला, "आता सांग. कोन जात सांगून पानी पाजलं तुनं?"

भर दुपार होती. तलावाच्या पाळीखालची आमराई. पंच सावलीत बसलेले आणि मला उन्हात उभं केलेलं. भोवती जंगलातून निघालेले मजूर बसले होते. त्यांच्या चुलींना मी लाकडं वाहिली होती. त्यांच्या पत्रावळी मी शिवल्या होत्या. त्यातलेच काही जण जरा पुढं सरकले, नीट दिसावं म्हणून.

मी केलं काय होतं? पाणी दिलं होतं. जंगल पेटलं होतं, एका बाईला तहान लागली होती, तिनं मागितलं, मी दिलं. एवढंच. पण आमच्यासारख्यांचं एवढं सांगून भागत नाही, म्हणून सगळं सांगते.

आमचं गाव तिरोड्याकडून जंगलात शिरताना शेवटचं. मालगुजाराचं, म्हणजे जमीनदाराचं गाव. मोठा तलाव, त्याखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि बांध्या संपल्या की आमचा महारवाडा. उन्हाळ्यात बांध्यांत काम नसायचं. मग आई आणि मी जंगलात तेंदूची पानं तोडायला जायचो. गोंदियाचा ठेकेदार दरवर्षी जंगलात फळी लावायचा. फळी म्हणजे मोकळं मैदान. तोडलेल्या पानांचे पुडे बांधून तिथं उन्हात वाळत घालायचे. त्याच पानांच्या बिड्या होतात. पानं तोडायला कामठ्याकडचेही लोक यायचे, आमच्याहून वरच्या जातीचे. सगळा हंगाम फळीजवळच पाल्याची खोपटी बांधून राहायचे.

त्यांची खोपटी वर, आमची खाली, नाल्याकडे. नाल्याच्या वाळूत पाण्यासाठी झिरा खणायचा, तर त्यांचा झिरा वरच्या अंगाला आणि आमचा खालच्या. हे कोणी सांगावं लागत नव्हतं. आमचे पाय आपोआप खाली वळायचे.

सायत्रा कामठ्याकडची. विधवा. दिराच्या घरी राहायची आणि दिराच्या घरचं सगळं करायची. बरोबर लहानशी मुलगी. तोडणीला माझी आणि तिची झुडपं जवळजवळ यायची. जंगलात झुडपाआड कोण बघतंय? ती बोलायची. मीही बोलायची. मला चिडवायची, "एवढी टरटर करतस, तुई सासू एक दिवस तोंडात बोळा कोंबन तुया." मी हसायची. तिच्याकडे कैरी असली की एक फोड माझ्याकडे टाकायची. हातात द्यायची नाही. जमिनीवर टाकायची, मी उचलून पुसून खायची. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. तेव्हा वाटत नव्हतं. उलट, एवढ्या बायांत ही मलाच कैरी देते म्हणून मी फुशारकी मारायची आईजवळ. मुलगी मला मावशी म्हणायची.

माझी जात सायत्राला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. आम्ही कोणत्या झिऱ्यावर पाणी भरतो ते ती रोज बघत होती.

मग आग लागली. कशी लागली मला माहीत नाही. कोणी मोहाच्या झाडाखालचा पाला पेटवला असेल, फुलं वेचायला सोपी जातात म्हणून. कोणी बिडी टाकली असेल. जंगल राखणारा नाकेदार नंतर म्हणाला, तुम्हीच लावली. त्याचं काय, जंगलात काही झालं की मजुरांनीच केलेलं असतं.

आधी वास आला, मग आवाज. वाळलेला बांबू फुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो. वारा आमच्याच दिशेनं. आम्ही झुडपं सोडून फळीवर पळालो. तिथं दोन बैलगाड्या उभ्या होत्या. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया गाड्यांकडे धावल्या. ठेकेदाराचा मुनीम गाडीवर उभा राहून ओरडत होता, "पहले माल निकालो! आदमी तो पैदल चला जाएगा!"

पुडे भरले. वाळलेले पुडे, कोरडी पानं. एका म्हातारीनं गाडीचा दांडा धरला तर गाडीवानानं तिचे हात सोडवले आणि बैल हाकलले. गाड्या गेल्या. कामठ्याकडचे आणि आम्ही, दोघंही उभे राहिलो बघत. त्या घटकेला तरी आमच्यात काही फरक नव्हता. पानांहून खालचे आम्ही सगळे.

मग जो तो नाल्यात उतरला आणि गावाच्या दिशेनं पळत सुटला. नाल्यात झाडं नाहीत, वाळू आहे, म्हणून. पण वाळू तापलेली आणि वरून धूर. डोळे उघडवत नव्हते. आईच्या पायांत काही नव्हतं, तिचे तळवे भाजून निघाले. आम्ही मागं पडलो. सायत्राही मागं पडली, कडेवर मुलगी होती ना. तिचं पाण्याचं मडकं पळताना पडून फुटलं होतं. एका वळणावर ती वाळूत बसलीच. मुलगी मान टाकून पडलेली, ओठांवर राख.

माझ्या खांद्याला तुंबा होता. तिचं लक्ष गेलं.

"पानी हाय का वं?"

मी तुंबा पाठीमागं लपवला. भीतीनं. म्हणाले, "आमचं हाय बाई."

"मालूम हाय मले," ती म्हणाली. "दे. लेकरू मरून राहिलं."

मी दिलं. आधी मुलीच्या तोंडात ओतलं. मुलगी हलली, ठसकली, आणखी प्याली. मग सायत्रानं ओंजळ केली, पण हात इतके थरथरत होते की ओंजळीत काही राहिना. तिनं तुंबाच माझ्या हातातून घेतला आणि तोंडाला लावला. घटाघटा प्याली. मग मला परत दिला, आणि तिच्या तोंडचा तो तुंबा मी तोंडाला लावला.

मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते. मागं जंगल जळत होतं, आईला चालवत नव्हतं, आणि मला आनंद झाला होता. माझ्या उभ्या आयुष्यात वरच्या झिऱ्यावरच्या माणसानं माझ्या हातून काही घेतलं नव्हतं. हिनं घेतलं होतं. मागून घेतलं होतं.

आईनं सगळं पाहिलं. तिला आनंद झाला नाही. म्हणाली, "हे कोनाले सांगजो नोको."

मी मुलीला पाठीवर घेतलं, सायत्रानं आईला आधार दिला आणि आम्ही गावाला पोचलो.

जंगलातून निघालेल्या सगळ्या लोकांना मालगुजारानं तलावाजवळच्या आमराईत थांबवून घेतलं. मालगुजार दयाळू, असं जो तो म्हणू लागला. तांदूळ त्यानं दिला, ते खरं आहे. पण तांदूळ कच्चा खातात का? चुलीला लाकूड लागतं. ते महारवाड्यानं आणायचं. जेवायला पत्रावळी, निजायला तणस, भाजलेल्या अंगाला लावायला पाला, सगळं महारवाड्यानं. फुकट. आमचे पुरुष आग अडवायला जंगलाच्या कडेला पाला ओढून पट्टा साफ करत होते, तेही फुकट. आमचीही खोपटी जळाली होती, आमचीही माणसं भाजली होती. आईला जमिनीवर पाय टेकवत नव्हते. पण आम्ही पडलो गावचे. आम्हाला काय झालंय, असं दिवाणजी म्हणाला. दिवाणजी म्हणजे मालगुजाराचा कारभार बघणारा.

आणि त्यातही रीत होती. आमच्या हातचं कोरडं चालायचं. लाकूड कोरडं, चालतं. पळसाची पानं कोरडी, चालतात. औषधाचा पाला आम्ही तोडून आणायचा, पण वाटायचा त्यांनी. वाटला की तो ओला झाला. ओलं आमच्या हातचं चालत नाही. लाकडाचा भारा आमराईच्या कडेला टाकायचा, चार पावलं मागं सरायचं, मग ते येऊन उचलणार.

मी हे सगळं हौसेनं केलं. सायत्रा तिथं होती म्हणून. ती माझ्याशी बोलत नव्हती. चार लोकांत ती कशी बोलणार, मी समजून घेत होते. समजून घ्यायची सवय आम्हाला फार.

मग कामठ्याकडून त्यांच्या जातीचे पंच गाड्या घेऊन आले, आपली माणसं न्यायला. सायत्राचा दीरही आला. गाड्या जुंपल्या. मी लाकूड टाकून मागं सरले होते. सायत्रा गाडीवर चढली, मुलगी वर घेतली. मुलीनं मला पाहिलं आणि हात हलवला. मग मोठ्यानं म्हणाली, "मावशीले बी गाडीवर घ्या ना. तिनं आपल्याले तुंब्यातलं पानी देल्लं."

लेकराच्या मनात माया होती. बाकी काही नव्हतं.

दीर गाडीच्या मागं उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग सायत्राचं बोचकं गाडीवरून उचललं आणि खाली ठेवलं.

पंच बसले. ठरायला वेळ लागला नाही. जाणूनबुजून पाणी प्याली असेल तर ती आणि मुलगी जातीबाहेर. गाडी नाही, घर नाही, गावची विहीर नाही. पण पाजणारीनं जात लपवून, फसवून पाजलं असेल, तर बाईचा दोष नाही. तलावात आंघोळ, थोडं गोमूत्र, आणि बाई घरी. फसवणारीनं मात्र सगळ्यांसमोर कबूल करायचं आणि मातीत नाक घासायचं.

म्हणजे सायत्राचं घर माझ्या जिभेवर येऊन बसलं.

ती माझ्याकडे आली. झाडाआड. पत्रावळी घ्यायच्या निमित्तानं. रडत नव्हती. घाईत होती. "तू म्हन, मी फसवली म्हन. मले मालूम नोहोतं, असं म्हन."

मी म्हणाले, "तूच तं मांगतलं सायत्राबाई."

"अवं, तुले काय होते?" ती म्हणाली. "तुई जात थोडीच जाते."

ती वाईट बाई नव्हती. मुलीसाठी बोलत होती. पण ते वाक्य इतक्या सहज तिच्या तोंडून निघालं, की मला कैरीची एकेक फोड आठवली, जमिनीवर पडलेली.

आईनंही तेच सांगितलं. घराच्या दारात बसली होती, तळव्यांना पाला बांधून. "म्हनून टाक वं माय. नाक घास. नाकाले काय होते? लेकरू हाय तिचं." आई आयुष्यभर असंच जगली. नाक घासून कोणाचं भलं होत असेल तर घासायचं.

आणि मी ठरवलं. खरं सांगते, मी खोटं बोलायलाच आमराईत गेले होते. त्या मुलीचा हात हलताना दिसत होता मला. माझा तुंबा मागितला, मी दिला. फोडला, मी बघितला. नाक घासायचीही तयारी होती. जमीन कुठं मऊ आहे, तेसुद्धा मी बघून ठेवलं होतं.

आणि मग पंचानं तो प्रश्न विचारला. कोणती जात सांगून पाणी पाजलं?

याचा मी विचारच केला नव्हता. फसवलं म्हणायचं, एवढंच मी घोकत आले होते. पण फसवायला काहीतरी सांगावं लागतं. पंचांना ते हवं होतं. मी जातींची नावं आठवू लागले. ही म्हणू, ती म्हणू. त्यांच्यात कोणाचं पाणी चालतं, कोणाचं नाही, मला पाठ होतं. एक नाव ओठांपर्यंत आणलं.

निघेना. तोंडच उघडेना. पाणी माझ्या झिऱ्याचं होतं, तुंबा माझ्या आईनं पोखरलेला, पाठीवरून मुलगी आणली ती माझ्या पाठीवरून. आणि हे सगळं केलं ते भलत्याच कोणीतरी, असं मी माझ्या तोंडानं सांगायचं होतं. सायत्राकडे पाहिलं. ती मान हलवून मला सांगत होती, बोल, बोल.

"कोन जात सांगतली?" पंच पुन्हा म्हणाला.

"कोनतीच नाही," मी म्हणाले. "तिले मालूम होतं. तिनं पानी मांगतलं, मी देल्लं. तिले तहान लागली होती."

कोणीतरी काठी मारली. पोटरीवर. मी खाली बसले. सायत्रा किंचाळली, "खोटी हाय! महारीन खोटी बोलून राहिली!" माझ्याकडे धावली, पण मारायलाही तिनं मला हात लावला नाही. मूठभर माती उचलून फेकली. "बुडवलं मले! काऊन बुडवलं वं? काय केलं होतं मी तुयं?"

तिचं खरं होतं. तिनं माझं काहीच केलं नव्हतं.

पंच उठले. गाड्या निघाल्या. सायत्रा गाडीमागं धावली, दिराचं नाव घेऊन ओरडत. मुलगी तिच्यामागं. दिरानं वळून पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर झालं सगळं, आणि मी काय करू शकत होते? ना मी त्या गाड्या थांबवू शकत होते, ना तिला आमच्या घरी चल म्हणू शकत होते. म्हटलं असतं तर ती आली नसती.

आमराईतले बाकीचे लोक तिच्यापासून दूर सरकले. त्यांनी तिला तलावाच्या घाटावर उतरू दिलं नाही. ऊन उतरल्यावर मी कोऱ्या मडक्यात पाणी घेऊन गेले. ती झाडाखाली बसली होती. मुलगी मला बघून उठली. सायत्रानं तिला दंडाला धरून खाली बसवलं आणि म्हणाली, "दूर राय." मुलगी पाण्याकडे बघत होती. माझ्या हातच्या पाण्यापायी जातीबाहेर टाकलेली बाई, तरी पाणी माझ्या हातचं घेईना. मी मडकं जमिनीवर ठेवून मागं सरले. तिनं पायानं लोटलं.

सकाळी त्या दोघी तिथं नव्हत्या. कोणी म्हणालं तिरोड्याच्या वाटेला दिसल्या, कोणी म्हणालं जंगलाकडेच गेल्या. जंगल अजून धुमसत होतं. मी दोन्हीकडे बघून आले. आजतागायत मला त्यांचा पत्ता लागलेला नाही.

लोक विचारतात, एक खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं? एका लेकराचं घर वाचलं असतं. मी स्वतःला हे कमी वेळा विचारलेलं नाही. पण गाडीवरून तिचं बोचकं मी उतरवलेलं नाही. घाटावर तिला मी अडवलेलं नाही. ज्यांनी हे केलं त्यांना कोणी काही विचारत नाही, मला विचारतात.

त्याच सकाळी दिवाणजीचा गडी महारवाड्याच्या कडेला येऊन उभा राहिला. आमराईत अजून कितीतरी लोक होते, लांबच्या गावांचे. त्यांच्या गाड्या यायच्या होत्या. तो नेहमीसारखाच ओरडला, "लाकडं आना वं! पत्रावळ्या आना! लोक भुके बसून राहिले!"

आई तशाच भाजलेल्या पायांनी उठायला लागली. मी तिचा खांदा धरून तिला खाली बसवलं. मडक्यात पाणी भरलं, लोटा घेतला, आणि गड्यासमोर जाऊन उभी राहिले. चार पावलं मागं नाही. समोर. लोटा भरून पुढं केला.

तो म्हणाला, "हे कायले?"

"प्या," मी म्हणाले. "पयले माया हातचं पानी प्या. मंग लाकूड मांगा."

त्यानं लोट्याकडे पाहिलं आणि थुंकला. आई मागून ओरडत होती, ये इकडे, ये. गडी दिवाणजीला सांगायला गेला. दिवाणजी चार माणसं घेऊन आला, माझ्या पाठीवर वळ उठले, आणि आमच्या वाड्यातले पुरुष खाली मान घालून भारे घेऊन गेले. मी गेले नाही. आईनं मला त्या दिवशी जेवायला दिलं नाही. मग तीही जेवली नाही.

जंगलाला पुढंही आगी लागल्या. पुढंही लोक पळत आमच्या गावात आले, दिवाणजीचा गडी पुढंही ओरडत आला. जो कोणी पाणी मागेल त्याला मी देते. वैऱ्यालाही देते. पण माझ्या हातचं पाणी ज्याला चालत नाही, त्याच्या चुलीत मी आजवर एक काडी घातलेली नाही. मरेपर्यंत घालणार नाही.